पांढरी चार

— ती नव्हे हो मिस्त्री, तिच्या शेजारची पट्टी. ती पांढरी. हां, हीच. दाबा — बघा, दाबली तरी तेच. सोडा — सोडली तरी तेच. भात्यात हवा आहे तोवर ही वाजणारच. पेटीवाले हिला पांढरी चार म्हणतात, मीही तेच म्हणतो, माझा हात पेटीवरच बसलाय, ऑर्गन नंतर आला. आणि जरा हळू बोलू आपण — म्हणजे तुम्ही काही बोलतच नाही म्हणा, पण पाना तेवढा आपटू नका. खाली ही आहे. ही म्हणजे माझी बायको. त्या कठड्यावरून वाकलात तर दिसेल — नको, वाकू नका! वेदीवरची फुलं बदलतेय. तिला सांगितलंय, तुम्ही उंदरांचं औषध टाकायला आलात म्हणून. त्यासाठीच तर तुमची हत्यारांची पेटी मी पोत्यात घालून वर आणली. उंदीरवाल्याचं पोतं खणखणतं कसं, हे तिने विचारलं नाही. ती विचारत नाही.

बंद का केली नाही? सगळे हेच विचारतात, तुम्ही निदान भुवईने विचारलंत. हे बघा, इथे एक खुंटी होती. ती आत ढकलली की या रांगेतल्या नळ्या गप्प बसतात, असा नियम. ढकलली मी. पहिल्याच दिवशी ढकलली, रागाच्या भरात — तर खुंटी आली माझ्या हातात, दांडीसकट. आता घरी कागद उडू नयेत म्हणून ठेवतो ती. बरं, मोटर बंद करावी, तर ती जिन्याखाली. बंद केली की भाता निजतो, आणि पुन्हा चालू केली की असा दणका देऊन उठतो, की एकदा ऐन प्रार्थनेत पोस्टातल्या बाई बाकावरून थेट खाली. फादर म्हणाले, मास्तर, मिस्सा सुरू झाली की मोटरीला हात लावायचा नाही. मग काय, प्रवेशगीतापासून शेवटच्या आशीर्वादापर्यंत ही चालूच. वाचन चाललंय — ही चालू. प्रवचन — ही चालू. फादर म्हणतात, आता आपण क्षणभर शांत राहू या — सगळे शांत, आणि ही चालू. नळीच उपटून ठेवायची? तेही सुचवलं मी. फादर म्हणाले, आपला दात आपणच उपटतो का, जाणकार माणूस येऊ द्या. जाणकार माणूस म्हणजे तुम्ही. तुम्ही यायला किती वर्षं लावलीत ते जाऊ द्या, आलात हे महत्त्वाचं. बॅटरी अशी धरू? की अशी?

त्याआधी ना, मिस्त्री, इथे संगीत होतं. संगीत! हा माळा रिकामा दिसतोय ना तुम्हाला — इथे तीन रांगा उभ्या असायच्या. माझा कॉयर. चार आवाजांत गायचा. चार आवाज म्हणजे काय — चार वेगळ्या चालीची माणसं एकाच दारातून एकदम जातात आणि कुणाचा खांदा कुणाला लागत नाही, असं ते. महिना-महिना घासून घ्यायचो. विमा विकणारा एक होता, त्याचा आवाज असा वर जायचा की छताकडे बघावंसं वाटायचं. लोक खाली बाकांवर उलटे वळून बसायचे हो — वेदीकडे पाठ, तोंड वर माळ्याकडे! एकदा ख्रिस्तप्रसादानंतरचं गीत संपलं आणि टाळ्या. एकाने तर मागून वन्स मोअर दिला. मी काय करणार? दिला वन्स मोअर. नाही म्हटलं असतं तर कॉयरचा उत्साह गेला असता.

फादरांना ते सहन झालं नाही. म्हणजे माणूस चांगला आहे, पण गाण्यातलं कळत नाही. आमचं ‘पवित्र, पवित्र’ जरा लांबायचं — लांबणारच, चार आवाज आहेत, प्रत्येकाला आपापल्या वाटेने पवित्रपर्यंत पोचायचंय — तोवर हे वेदीशी हात पसरून उभे. हात भरून यायचे त्यांचे. एकदा मागच्या खुर्चीत टेकले आणि डोळा लागला, आम्ही संपवलं तरी उठेनात. मग बोलावलं मला. मास्तर, म्हणाले, मिस्सा कुणासाठी? मी म्हटलं, देवासाठी. मग खालची माणसं मुकी का? म्हटलं, मुकी कशी, ती ऐकतायत. तर म्हणतात — आणि हे मला अजून टोचतं बरं का — म्हणतात, ऐकायला देव आहे, माणसांनी गायचं असतं. उपासना हे लोकांचं काम आहे मास्तर, तुम्ही ते त्यांच्या हातातून काढून घेतलंत. घ्या! मी काढून घेतलं! मी म्हटलं, फादर, लोकांना येत नाही. म्हणतात, येईल असं काहीतरी द्या. म्हटलं, म्हणजे देवापुढे काय वाट्टेल ते ठेवायचं? शिंप्याकडून बिनबाह्यांचा सदरा आला तर तुम्ही घालाल? ते म्हणाले, उन्हाळ्यात घालीन. अशा माणसाशी काय वाद घालायचा. बोलणं बंद झालं आमचं. पापनिवेदनापुरतं बोलायचो, तेही मोजकं.

हळू, हळू, ती तार जुनी आहे. हं.

आता हिचं सांगतो, म्हणजे तुम्हाला माझी बाजू कळेल. ही बाई सद्गुणांची खाण आहे, माझं कशावाचून अडू दिलं नाही तिने. पण गाणं! लग्नानंतर कळलं मला. तिच्याकडे एकच सूर आहे. म्हणजे बेसूर नाही हं — बेसूर माणूस सुधारतो, घासून घेता येतं त्याला. हिचा सूर पक्का. फक्त एकच. कुठलंही गाणं द्या, वर जाणारं, खाली येणारं, वळणं घेणारं, ही सरळ. रस्ता वळतो, ही वळत नाही. मुलीला झोपवताना अंगाई गायची ती त्याच एका सुरावर, आणि पोरगी झोपायची हो, लगेच! मी शेजारच्या खोलीत दात आवळून बसायचो. आणि हिला कॉयरमध्ये यायची हौस. मास्तरांची बायको, नाही कसं म्हणणार? आली, दुसऱ्या रांगेत उभी राहिली, आणि माझ्या चार आवाजांत पाचवा, भिंतीसारखा. मी शांतपणे सांगितलं. ओरडलो नाही, शपथ घेऊन सांगतो. म्हटलं, तू उभी राहा, छान दिसतेस, फक्त ओठ हलव. ती म्हणाली, बरं.

बास, एवढंच. बरं म्हणाली. आणि काय ओठ हलवायची, मिस्त्री! आरशासमोर सराव करायची. श्वास बरोबर जागच्या जागी, डोळे बरोबर वर. लोक मला म्हणायचे, मास्तर, सगळ्यांत तुमच्या मिसेसचा आवाज वेगळा ऐकू येतो. मी म्हणायचो, मेहनत आहे. ती बाजूला उभी असायची, हसायची. तिलाही गंमत वाटत असणार. वाटत असणारच ना. नाहीतर इतकी वर्षं कोण उभं राहील?

अन् मग तो रविवार. कॉयर तयार, लोक वळून बसलेले, मी दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवले — आणि ही पांढरी चार जी लागली ती लागली. उचलली बोटं तरी लागलेली. आमचं गाणं दुसऱ्याच पट्टीतलं. पहिला आवाज डगमगला, त्याने दुसऱ्याला पाडलं, दुसऱ्याने तिसऱ्याला — स्टँडवर लावलेल्या सायकली पडतात ना ओळीने, तसा माझा कॉयर पडला. विमावाला मध्येच कुठेतरी वर लटकून राहिला. सगळं चर्च स्तब्ध, ही एकटी वाजतेय, मी खुंटी उपटून हातात घेऊन उभा. आणि त्या सगळ्यात दुसऱ्या रांगेतून आवाज आला. प्रभो, दया कर. सरळ. ठाम. पांढरी चार.

हो. तिचा सूर हाच. आता माझे कान बघा — देवळाच्या घंटेचा सूर मी सांगतो, फुटलेल्या कपाचा सांगतो, आणि बायकोचा सूर कुठला, हे मी कधी पेटीवर लावून बघितलंच नव्हतं. ऑर्गनने लावून दाखवला. ती गातेय, डोळे मिटून, तिला वाटलं असेल आपल्यालाच बोलावलं. मी हाताने खुणावतोय, ओठ, ओठ! बघतेय कोण? आणि खालून तिला जोड मिळाली. पहिला म्हातारा घड्याळजी, मग पोस्टातल्या बाई, मग सगळा डावा भाग, मग उजवा. कारण चुकायला जागाच नाही हो! एकच सूर आहे, तोही समोर चालू आहे, त्याच्यावर शब्द ठेवत जायचे. ज्यांनी जन्मात तोंड उघडलं नव्हतं ती माणसं गात होती. लोक वळून बसले होते ते पुन्हा वेदीकडे तोंड करून उभे राहिले. फादरांनी एकदा वर माझ्याकडे बघितलं. जे बघितलं ना, ते मी विसरलेलो नाही.

आणि मग हे पसरलं. तुम्हाला खोटं वाटेल. फादर प्रवचनही याच सुरावर देऊ लागले, आणि माणूस एका सुरावर बोलायला लागला की त्याला पाल्हाळ लावता येत नाही, हे मला तेव्हा कळलं — प्रवचन निम्म्यावर आलं, लोक खूश. पापनिवेदन याच सुरावर. दार बंद असतं, पण सूर तर कळतो ना बाहेर. बाप्तिस्म्याला मुलं रडतात, ती याच सुरावर रडतात. समोरचा न्हावी दाढी करता करता हाच धरतो, गिऱ्हाईकही धरतं, आणि वस्तरा असताना तोंड उघडू नये एवढीही अक्कल राहिली नाही कुणाला. घड्याळजी दुकानातली ठोक्यांची घड्याळं याला जुळवून देतो. फ्रिज दुरुस्त करणारा मला रस्त्यात अडवून म्हणाला, मास्तर, लोक तक्रार आणतात की आमचा फ्रिज खाली बोलतो, जरा चढवून द्या. शेजारच्या धर्मग्रामातून, म्हणजे पलीकडच्या चर्चमधून, माणसं इकडे येतात. तिथे चार आवाजांचा कॉयर आहे, चांगला आहे, मी स्वतः ऐकलाय, आणि तो सोडून इकडे पायऱ्यांवर उभी राहतात! म्हटलं, तुम्हाला तिथे काय कमी आहे? तर म्हणतात, तिथे आम्हाला काही काम नसतं.

मी सभेत विषय मांडला. रीतसर. म्हटलं, दुरुस्ती करू या. फादर म्हणाले, ज्यांना दुरुस्ती नको त्यांनी हात — हात वर व्हायच्या आधीच अख्खी सभा ‘नको’ म्हणाली. एका सुरात. अगदी याच सुरात. आणि सुरुवात कुणी करून दिली? आमच्या हिने. कारण आता सगळीकडे सुरुवात हीच करून देते. पहिल्या बाकावर तिची जागा धरून ठेवतात. बाई, सुरुवात करा, म्हणतात. तिला! मी वर, ऑर्गनवर, दोन हात, दोन पाय, इतक्या पट्ट्या — आणि खाली सगळे हिच्या तोंडाकडे बघतात.

माझा कॉयर? तो गेला की हो खाली. एकदम नाही गेला. आधी बास, म्हणजे जाड आवाजाचे पुरुष, गेले, खोकल्याचं निमित्त करून. मग बायका गेल्या, म्हणाल्या जिना चढवत नाही. शेवटी विमावाला उरला होता, तो म्हणाला, मास्तर, जरा खाली जाऊन येतो. अजून यायचाय. म्हणून तर तुम्हाला बोलावलं, गुपचूप. फादर आजाऱ्यांकडे गेलेत, मिस्सेला परत येतील. कॉयरमधल्या सगळ्यांना तेवढा निरोप दिलाय मी, आज दुरुस्ती होतेय, गळे साफ करून वर या, जुनंच ‘पवित्र’ घेऊ. येतील. अजून वेळ आहे. येतीलच.

काय, सापडलं? बघू — हे? ही एवढीशी स्प्रिंग? ही तर केसांच्या पिनेएवढी आहे हो. ही सटकली, आणि झडप उघडी राहिली, बस्स? आणि एवढं सगळं झालं? बसवा, बसवा. बसवा ना.

थांबा जरा. म्हणजे बसवाच, पण अर्धा मिनिट. ऐकू येतंय? ती गुणगुणतेय. फुलं लावताना गुणगुणते. घरीसुद्धा हल्ली — आम्ही इथून घरी गेलो की हा सूर तिच्या डोक्यात राहतो, मग भांडी घासताना, दोरीवर कपडे टाकताना, सारखी चालू. मी म्हणायला गेलो एकदा, की बाई, जरा — आणि म्हटलं नाही. कारण मला एकदम आठवेना, की याआधी घरात काय ऐकू यायचं. पूर्वी गायची ना ती, मुलगी लहान असताना. मग कधी थांबली? कॉयरमध्ये ओठ हलवायला सांगितलं मी, घरात नव्हतं सांगितलं. घरात गा की, घरात कोण अडवतंय! पण ती घरातही ओठच हलवत होती बहुतेक. स्वयंपाकघरात पाठमोरी असायची, मला कसं दिसणार? मला वाटायचं, घर किती शांत आहे, कामाला किती बरं. मुलीचं लग्न झाल्यावर तर फारच शांत. नोटेशनं लिहीत बसायचो. चांगली लिहिली त्या काळात, सगळ्यात चांगली. असो. तुमच्याशी का बोलतोय मी हे? तुम्ही उंदीरवाले.

बसवा. हो. बसवा म्हणतो ना. देवापुढे नीटनेटकं तेच ठेवायचं असतं, माझं मत बदललेलं नाही.

…

अरेच्चा.

किती शांत झालं हो. भाता ऐकू येतोय. इतक्या वर्षांत भाता ऐकला नव्हता मी. आणि ती — ऐका — ती तशीच चाललीय. खालून एकटी. सूर गेलाय हे तिच्या लक्षात — आलं. थांबली. शब्दाच्या मधेच थांबली हो.

वर बघतेय. वाकू नका! काही नाही गं! उंदीर! — काय म्हणाली? कुणी गाऊ नको म्हटलं का, असं विचारतेय. नाही गं, कुणी नाही म्हटलं! तू — तुझं चालू दे!

चालू करत नाहीये. फुलं तशीच हातात धरून उभी आहे.

मिस्त्री, काढा ती. स्प्रिंग. होती तशी करा. म्हणजे काय? आता बसवलीत तशी काढा, त्यात काय अवघड आहे? चांगलं यंत्र बिघडवत नाही? तत्त्व आहे? अहो, तत्त्वं मलाही होती, मी बोललो का काही? नाही? नाहीच? पेटी बंदसुद्धा केलीत?

बरं. सरका. सरका बाजूला, मला बसू द्या बाकावर. ही पांढरी चार, बरोबर? दाबली की वाजते, सोडली की थांबते — म्हणजे मी सोडली नाही तर झालं. हा घ्या. दाबला. अंगठा बरा पडेल, बोटाला पेटके येतील. वाजतेय ना? तशीच वाजतेय ना? मिस्सेभर धरीन. प्रवचनातही. फादर म्हणतील क्षणभर शांत राहू या, तेव्हाही. मला ख्रिस्तप्रसाद द्यायला फादरांना वर यावं लागेल, येतील, आजाऱ्यांच्या घरी जातातच की. आणि डावा हात मोकळा आहे, डाव्या हाताने तिच्या आजूबाजूला काय-काय करता येतं, ते बघतो.

फाटक वाजलं. लोक यायला लागले. कॉयर? नाही हो, ते खालीच बसणार आहेत. त्यांना कशाला वर बोलवायचं.

तुम्ही निघा आता. पोतं घ्या खांद्यावर आणि खाली कुणी विचारलं तर उंदीर म्हणा. मला उठता येणार नाही, दार तुम्हीच ओढून घ्या. हळू ओढा. ती सुरुवात करतेय.